गळलेला फर्मा

तिला सगळे दाभण म्हणायचे. पुस्तकं शिवायची जाड सुई म्हणजे दाभण. वडील बाइंडर. लेक सात वर्षांची असताना त्यांनी तिला हे नाव ठेवलं, कारण ती बोलली की आरपार जायचं. पुढे ती अठ्ठावन्न वर्षांची झाली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नातेवाइकांत आणि गल्लीत ती दाभणच राहिली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायची, "वेळ कुठे होता? शाळांची हजेरीपत्रकं आली होती ना शिवायला." लोक हसायचे. ती हसत नसे, कारण हजेरीपत्रकं खरोखरच आली होती.

रस्त्याच्या बाजूला दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात कागद कापायचं यंत्र, चाक फिरवून आवळायचं लोखंडी दाबयंत्र आणि पुस्तकं चिकटवायच्या सरसाचं भांडं. भिंतीला लागून एक कपाट, त्यात पितळी अक्षरं. ती तापवून, लाकडी मुठीत बसवून पुस्तकाच्या पाठीवर दाबली की नाव उमटायचं. बाबा सगळ्या चुका पोटात घालायचे, एक सोडून. सोळा सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. असे फर्मे ओळीने लावून पुस्तक शिवतात. एखादा फर्मा गळला, म्हणजे लावायचा राहून गेला, आणि पुस्तक तसंच शिवून बाहेर पडलं, की बाबा दोन दिवस जेवणावर राग काढायचे. "वाकडं शिवलंस तर चालेल. पुठ्ठा उलटा लागला तरी चालेल. पण गाळू नकोस. माणसाला वाटतं पुस्तक पुरं आहे, आणि ते पुरं नसतं. ही फसवणूक आहे."

धाकटा भाऊ बारक्या. आता पंचावन्नाच्या पुढचा, दाढीवाला, कॉलेजात साहित्य शिकवणारा, आणि बाहेर 'सर'. घरात मात्र बारक्याच. रेल्वेने चार तासांवर राहायचा. कविता तो आधीपासून करायचा: चंद्र, एकटेपणा आणि कुणा बाईचे डोळे. त्या बाईचा पत्ता त्याच्या बायकोलाही कधी लागला नाही, तेव्हा ती नसावीच. दोन संग्रह निघाले होते. ते विकत घेणारे बहुतेक त्याच्याच वर्गात बसणारे.

बाबा आठ महिने अंथरुणावर होते. आधी पडले, मग छाती धरली, मग उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवा: काय पोटात गेलं, किती गेलं, काय बोलले, कधी चिडले. दाभणने उरलेल्या कागदांची एक वही शिवली आणि लिहायला लागली. गाळायचं नाही हे तिच्या हाडात बसलेलं, तेव्हा तिने सगळं लिहिलं. चमचे मोजले, चादरी मोजल्या, बाबांच्या शिव्यासुद्धा तारीखवार लिहिल्या. डॉक्टरांनी ती वही दोनदाच पाहिली. बारक्या या आठ महिन्यांत दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन. बाबा गेले तेव्हा त्याचं कुठल्याशा कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय होता 'साहित्यातला माणूस'. तो तिसऱ्या दिवशी पोहोचला.

जाताना म्हणाला, "ताई, ही वही मी नेऊ? आठवण म्हणून."

तिने दिली. घरातलं दुसरं काहीच त्याने मागितलं नव्हतं, त्याचंच तिला बरं वाटलं. असतो एकेकाला उशिरा फुटणारा पाझर, असं तिने मनाशी म्हटलं.

वर्षभराने तो टेम्पो घेऊन आला. आत छापील कागदांचे गठ्ठे. "बाबांवरच्या कविता आहेत, ताई. तीनशे प्रती. बाबांचं पुस्तक बाबांच्याच दुकानात बांधलं जावं असं वाटलं." तिला ते आवडलं, उगाच कशाला खोटं बोला. तिने त्याला चहा पाजला, गठ्ठे आत घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फर्म्यांना घड्या घालायला बसली.

घड्या घालताना बाइंडर वाचत नाही. वाचायला लागला तर पोट भरायचं नाही. पण मजकूर डोळ्यांखालून जातोच. तिसऱ्याच घडीला तिचा हात थांबला.

सकाळी सहा चमचे.
दुपारी चार.
संध्याकाळी
चमचा तसाच.

तिने पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. 'उशी उंच केली. खिडकीतलं झाड दिसतं का विचारलं. झाड नाही, खांब आहे म्हणाले.' हे बावीस तारखेचं. 'आज माझं नाव आठवलं नाही. हात ओळखला.' हे त्याच्या पुढच्या महिन्यातलं. सगळं तिचं. बारक्याने मधेमधे ओळी तोडल्या होत्या, एवढंच. डॉक्टरसाठी लिहिलं तेव्हा ती नोंद होती, ओळ तोडली आणि ती कविता झाली. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत अर्पणपत्रिका: 'बाबांना, ज्यांच्या उशाशी बसून मी शब्द शिकलो.'

वाईट म्हणजे ते चांगलं होतं. आठ महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षात ती कधी रडली नव्हती. तशाच राहिलेल्या चमच्याची ओळ वाचून तिचे डोळे भरून आले, आणि भावाच्या पुस्तकाने आपल्याला रडवावं याचा तिला इतका संताप आला की तिने उठून सरसाच्या भांड्याखालचा गॅस बंद केला आणि दुकानाला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

शेवटची कविता सगळ्यांत लहान होती. तिच्यात बाबांचं एकच वाक्य होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना आणि पोरांना ते सांगत आले तेच: 'घाई करू नकोस. सरस वाळू दे.' त्यानंतर कोरी पानं.

रविवारी बारक्या काम कुठवर आलं ते बघायला आला. दाभणने त्याला बसूही दिलं नाही.

"बारक्या, हे माझं आहे."

"काय?"

"चमचे. सहा, चार आणि तसाच. माझे चमचे आहेत हे."

त्याने चष्मा काढून पुसला. अडचणीत आला की तो लहानपणापासून काहीतरी पुसायचा. "नोंदी तुझ्याच आहेत, ताई. मी कुठे नाही म्हणतोय? पण कविता ही रचना असते. नुसतं कापड म्हणजे सदरा नव्हे."

"सदरा तू शिवलास रे, कबूल. पण तो ज्या अंगावर होता ते अंग माझं. उशाशी बसलास म्हणे! कुणाच्या? त्या खोलीत खुर्चीसुद्धा नव्हती. मी डब्यावर बसायचे."

"तुला नेमकं काय पाहिजे?"

"एक ओळ. पहिल्या पानावर. आजारपणात मुलगी जवळ होती, या नोंदी तिच्या. बास. मला फोटो नको, फुलं नकोत."

"पहिलं पान छापून झालंय."

"हे तू मला सांगतोस? एक पान वेगळं छापून आण. तीनशे प्रतींत चिकटवून देते, कुणाच्या बापाला कळणार नाही."

बारक्याने कपाटातल्या पितळी अक्षरांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझं नाव आलं की लोक वही मागतील, ताई. हल्ली अशा गोष्टींत फार रस असतो. मग सगळंच बाहेर येईल. अठ्ठावीस तारखेचंसुद्धा."

तिने समोरचा फर्मा उलटा करून ठेवला.

"मी ते कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुझ्यासाठीच गाळलं." आणि वर हसून, "तेवढं तरी समजून घे."

अठ्ठावीस तारीख म्हणजे बाबा जायच्या आधी दोन दिवस. दुपारचे तीन. चादर तिसऱ्यांदा बदललेली, बाहेर चाळीस रजिस्टरं त्याच दिवशी द्यायची होती, आणि नुकतं कापड चढवलेली दहा-बारा जागा नसल्यामुळे बाबांच्या खोलीत वाळत ठेवलेली. तिने दुधाचा पेला ओठांना लावला. बाबांनी तो उडवला. दूध बरोबर त्या रजिस्टरांवर. दाभणच्या डोक्यात काय गेलं कोण जाणे, ती गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मरा आता एकदाचे! सुटू दे मला!" एवढ्या रागातही वडिलांना अहोजाहो करायची सवय सुटली नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. छाती शिट्टीसारखी वाजत होती. म्हणाले, "घाई करू नकोस. सरस वाळू दे." आणि हसले. तीही हसली, दूध पुसता पुसता. मग त्यांना खोकला लागला तो दहा मिनिटं थांबेना. हे सगळं तिने वहीत लिहिलं. दूध, स्वतःचं वाक्य, त्यांचं वाक्य, हसणं, खोकला.

दोन दिवसांनी ते गेले. आणि मग झालं असं की त्यातलं हसणं तिला आठवेनासं झालं. उरलं फक्त तिचं स्वतःचं वाक्य. ते माशाच्या काट्यासारखं घशात बसलं, ना गिळता येई ना थुंकता.

बारक्या गेल्यावर ती बराच वेळ शेवटचा फर्मा समोर घेऊन बसली. बाबांचं वाक्य तिथे एकटं उभं होतं, जणू एखादा साधू मरताना उपदेश करून गेला. साधू कसला! ते उत्तर होतं, आणि देताना बाबा हसले होते, हे तिला आता आठवलं. लेकीने शिव्या घातल्या आणि बापाने वरचढ टोला मारला. बारक्याने टोला ठेवला आणि तो कशावर मारला ते गाळलं. वर म्हणे तुझ्यासाठी गाळलं. बाबांनी असा फर्मा गळलेलं पुस्तक दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.

तिने कपाट उघडलं. ज्या अक्षरांनी जन्मभर 'हजेरीपत्रक' आणि 'आवक-जावक' उमटवलं त्यांतून पाहिजे ती शोधायला तास गेला. मुठीत बसवली, तापवली. सोनेरी पन्नी घेतली नाही, शाई घेतली नाही. नुसता दाब. शेवटच्या कवितेचं पान उलटलं की येणाऱ्या कोऱ्या कागदावर ओळ उमटली, ती सरळ बघितलं तर दिसत नव्हती, तिरपं धरलं तर दिसत होती आणि बोट फिरवलं तर लागत होती:

मी म्हटलं होतं, मरा आता एकदाचे.

तीन दिवस तेच केलं. तीनशे वेळा तेच वाक्य. पहिल्या वीसेक प्रतींना ती दर वेळी वाक्य पुन्हा वाचायची. शंभरानंतर ते काम झालं. अडीचशेनंतर तिला भूक लागली आणि तिने उठून जेवून घेतलं. मग सगळं शिवलं, सरस लावला, दाबाखाली ठेवलं आणि दोन दिवस हात लावला नाही.

बारक्या प्रती न्यायला आला तेव्हा त्याने एक उचलून वास घेतला, पाठ कुरवाळली, पहिलं पान उघडून स्वतःचं नाव पाहिलं. शेवटची पानं कशाला बघेल? ती कोरी असतात हे त्याला ठाऊक होतं. "बाबांचाच हात आहे तुझा, ताई."

"हो का?" ती म्हणाली. "तो तू ओळखतोस होय?"

प्रकाशन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, घरघरणारे पंखे, मागे टेबलावर झाकून ठेवलेले चहाचे कप. पहिल्या रांगेत बाबांची बहीण, आत्या, वय वर्षं ब्याऐंशी, कान शाबूत आणि तोंड त्याहून शाबूत. दाभण अकराव्या रांगेत, कडेची खुर्ची धरून. तिला बोलावलं होतं, पण पुढे बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

अध्यक्ष नामांकित समीक्षक. ते 'सरस वाळू दे' या तीन शब्दांवर पस्तीस मिनिटं बोलले. मृत्यूविषयीचा प्राचीन समंजसपणा, कारागिराचं अध्यात्म, असं बरंच काही. एका बाईने डोळे टिपले. मग अध्यक्षांनी पुस्तक मिटायला म्हणून पान उलटलं आणि त्यांचा अंगठा थबकला. त्यांनी पान व्यासपीठावरच्या दिव्याखाली तिरपं धरलं. ओठ हलले. मग माइकमध्ये, ठसक्यात, त्यांनी ते वाक्य वाचलं.



"आणि हे पाहा!" अध्यक्ष जवळजवळ ओरडलेच. "हे पाहा कवीचं धाडस! शाईचा थेंब न वापरता स्वतःचा अपराध त्याने कागदात दाबून ठेवलाय! मित्रहो, या संग्रहातली सर्वश्रेष्ठ ओळ छापलेलीच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बारक्याने समोरची प्रत उघडून दिव्याखाली धरली. त्याने मान वर केली आणि अकराव्या रांगेत बरोबर तिला शोधून काढलं. एवढ्या लांबून दोघांची नजर भिडली. ही ओळ माझी नाही, एवढं त्याने म्हणायचं होतं. क्षणभर वाटलं, म्हणेल. टाळ्या थांबत नव्हत्या. बारक्या उठला आणि विनयाने मान झुकवली.

"थांबा हो जरा!" आत्या खुर्चीचा हात धरून उभी राहिली होती. "बारक्या! तू म्हणालास माझ्या भावाला, मरा म्हणून?"

"आत्या, बस तू. कविता आहे ती."

"कविता गेली खड्ड्यात. म्हणालास का नाही ते सांग!"

"म्हणजे... भावनेच्या भरात माणूस..."

"कधी म्हणालास? तू तर तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी उगवलास! मी स्वतः दार उघडलं तुला. बॅग ठेवायच्या आधी चहा मागितलास!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो पिता येईल तितका सावकाश प्यायला.

दाभण उभी राहिली. गुडघा वाजला तो तिला स्वतःला ऐकू आला.

"तो नाही, आत्या. मी म्हटलं. मीच होते तिथे. आठ महिने."

हेच तर पाहिजे होतं तिला. चारचौघांत हजेरी लागायला हवी होती, ती लागली. दीडशे माना मागे वळल्या. टाळी एकही वाजली नाही. मघाशी जे वाक्य धाडस होतं, ते बाईचं निघाल्याबरोबर शिवी झालं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने पर्स उचलून मांडीवर घेतली. आणि मागून, दबक्या पण पुरेशा आवाजात, कुणीतरी म्हणालं, "बाई बाई! सख्ख्या बापाला?"

आत्या खाली बसली आणि तिने तोंड फिरवलं.

जिन्यात बारक्याने तिला गाठलं. "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "माझी वही दे."

"पाठवतो."

पाठवली नाही. दुसरी आवृत्ती त्याने दुसऱ्या गावात बांधून घेतली, यंत्रावर, शिवण नाही, नुसती चिकटवलेली. त्यात शेवटचं पान कोरंच आहे. तिची पानं महिन्याभरात सुटतात असं कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा दाभण नुसतं "हं" म्हणाली. पुस्तकाला बक्षीस मिळालं. त्याच समीक्षकाने लेखात त्या ओळीचा उल्लेख केला आणि तिला 'पहिल्या आवृत्तीतला एक बांधणीदोष' म्हटलं.

दोन महिन्यांनी आत्या दुकानात आली. रिक्षातून उतरली, पायरी चढली आणि बाबांच्या स्टुलावर बसली. कशी आहेस वगैरे काही नाही.

"नक्की कसं म्हणालीस ते सांग."

दाभणने सांगितलं. दूध, रजिस्टरं, ओरडणं.

"आणि तो?"

"म्हणाले, घाई करू नकोस, सरस वाळू दे."

"हसला?"

"हसले. मग खोकला लागला."

आत्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "हसला असेल," ती म्हणाली. "लहानपणापासून तसलाच." आणि मग एकदम चिडून, "तुला झेपत नव्हतं तर मला फोन का केला नाहीस?"

"केला होता. दोनदा. तू म्हणालीस गुडघे दुखतात, पुढच्या आठवड्यात बघते."

आत्याने पिशवीतून पुस्तक काढलं, पहिल्या आवृत्तीतलं. शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

"मला हे नुसतं दाबलेलं दिसत नाही आता. सोनेरी कर. आणि त्याच्याखाली माझंही घाल."

"तुझं काय?"

"आता बोललीस तेच. पुढच्या आठवड्यात बघते."

दाभणने तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तिने कपाट उघडलं, अक्षरं शोधली, तापवली, पन्नी धरली आणि दाबली. आधी स्वतःची ओळ, मग तिच्याखाली आत्याची. दोन्ही चकचकीत आल्या, जरा जास्तच. बारक्याच्या ओळीला खाली जागा उरली होती, पण ती आली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

"वाळेपर्यंत थांबू का?" आत्याने विचारलं.

"याला वाळायचं नसतं, आत्या. लगेच नेता येतं."

आत्याने पुस्तक पिशवीत टाकलं आणि पायरी उतरली. येते म्हणाली नाही.